आगोटीच्या तोंडावर अपडेट बंद करणाऱ्यांनो

मामाचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. "अरे, ते तुझं बॅकअपचं काय ते होतं ना, ते काढून टाकलं मी. अपडेट पण बंद करून घेतले पोराकडून. तो मेसेज वाचलास ना?"

मामा गुहागर तालुक्यातल्या एका छोट्या पतसंस्थेचा खजिनदार. मिरगाला पंधरा दिवस राहिलेले. लोक शाकारणी करतात, लाकडं आत घेतात, आणि हा बॅकअप काढून टाकतो. घास तसाच राहिला.

मेसेज माझ्याकडे आधी तीन ग्रुपांत येऊन गेला होता, मी न वाचता सोडला होता. आता वाचला. त्यात म्हटलंय: ओपन सोर्स म्हणजे कोड उघडा, म्हणजे घराची किल्ली नाक्यावर टांगलेली. ते लिहिणारे रिकामटेकडे हौशी, त्यांना जाब विचारणारं कोणी नाही. २०२४ साली एकाने अपडेटमधून जगातल्या सगळ्या सर्व्हरना चोरदरवाजा बसवला, म्हणून आजच अपडेट बंद करा. बिघडलं तर फोन कोणाला लावणार? आणि भारत सरकारने म्हणे असल्या सॉफ्टवेअरवर बंदी घातली आहे. खाली जोडलेले हात आणि 'जनहितार्थ पुढे पाठवा'.

त्या रिकामटेकड्यांतला एक मी. दिवसा चिपळुणात चार-पाच कार्यालयांचे सर्व्हर सांभाळतो. रात्री आम्ही चौघं मिळून एक छोटा प्रोग्राम चालवतो, मामाने बॅकअपसोबत काढला तोच, फुकट, कोणीही घ्यावा असा. काम एकच: कालचा बॅकअप खरंच उघडून बघायचा आणि सकाळी सांगायचं, उघडला की नाही. हे सुचलं २२ जुलै २०२१च्या पुरानंतर. एका कार्यालयात बॅकअप रोज होत होता, वहीत सहीसुद्धा होत होती. डिस्क मात्र संगणकाच्याच कपाटात, खालच्या कप्प्यात. पाणी गळ्याएवढं. त्याच्या आधीची एक डिस्क कोणाच्या तरी घरी माळ्यावर सापडली, तर ती कोरी निघाली. दीड वर्ष कोऱ्या डिस्कची वहीत सही होत होती.

बंदीचं आधी उरकतो, कारण त्यात दम नाही. केंद्र सरकारचं २०१५ सालचं धोरण आहे, नावच 'ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण'. सरकारी ई-गव्हर्नन्स प्रणालींमध्ये बंद कोडापेक्षा ओपन सोर्सला पसंती द्या, असं त्यात आहे. म्हणजे मेसेजच्या बरोब्बर उलट. पुढे.

किल्लीचं तर हसू येतं. कुलूप आतून कसं बनतं हे गावातल्या प्रत्येक चावीवाल्याला माहीत असतं, म्हणून तुमची किल्ली त्याच्या खिशात येत नाही. पासवर्ड कोडात नसतो, तुमच्याकडे असतो. आणि कोड झाकला की चोर थांबतो म्हणणाऱ्यांनी २०२० आठवावं. सोलरविंड्सचं ओरायन, नेटवर्कवर नजर ठेवायचं महागडं बंद सॉफ्टवेअर, आम्हा सर्व्हरवाल्यांच्याच कामाचं. त्याच्या अधिकृत अपडेटमध्येच चोरदरवाजा घातला गेला आणि तो अपडेट १८,००० पर्यंत ग्राहकांकडे पोचला. त्या कंपनीत कामाला पगारी माणसंच होती.

इथे एक मात्र नाइलाजाने कबूल करतो. कोड उघडा आहे म्हणजे कोणीतरी वाचतंच, हे आमच्या बाजूचे लोक फार सहज म्हणतात. वाचत नाहीत. ओपनएसएसएल हे इंटरनेटवरचे व्यवहार कुलूपबंद ठेवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, त्यातली हार्टब्लीड नावाची चूक दोन वर्षं सगळ्यांसमोर पडून होती, २०१४च्या एप्रिलमध्ये उघड झाली. अर्ध्या जगाचे व्यवहार ज्याच्यावर चालत होते त्या प्रकल्पाला तेव्हा वर्षाला साधारण २,००० डॉलर देणगी मिळत होती. आमच्या वाडीच्या शिमग्याची वर्गणीसुद्धा त्याच्याहून फार कमी भरत नसेल.

आता तो चोरदरवाजा. मेसेजमधली ही एकच गोष्ट घडलेली आहे, म्हणून तीच सगळ्यात घातक.

एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारं छोटं सॉफ्टवेअर. लास कॉलिन नावाचा फिनलंडचा माणूस ते वर्षानुवर्षं जवळपास एकटा सांभाळत होता, बिनपगारी. २०२१ पासून 'जिया टान' नावाचं कोणीतरी मदतीला येऊ लागलं. काम चांगलं, वागणं नम्र. २०२२ मध्ये इतर काही अनोळखी नावं कॉलिनच्या मागे लागली: किती उशीर, प्रकल्प मेला का, दुसऱ्या कोणाला द्या. त्यातलं एक नाव जिगर कुमार, म्हणजे चक्क आपल्याकडचं वाटावं असं. ही सगळी सोंगं असावीत असं आज मानलं जातं. कॉलिनने उघडपणे लिहिलं की आपली मानसिक तब्येत बरी नाही आणि हे बिनपैशाचं हौशी काम आहे. हळूहळू सूत्रं जिया टानकडे गेली. २०२४च्या सुरुवातीला आवृत्ती ५.६.० आणि मग ५.६.१ आली, दोन्हींत चोरदरवाजा, चाचणीच्या फायलींत लपवलेला.

तो पकडला आंद्रेस फ्रॉइंडने, २०२४च्या मार्चअखेरीस. हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा. स्वतःच्या मोजमापांत त्याला दिसलं की एसएसएचने, म्हणजे लांबून सर्व्हरमध्ये शिरायच्या नेहमीच्या वाटेने, लॉगिन करायला ०.३ सेकंदांऐवजी ०.८ सेकंद लागताहेत. अर्धा सेकंद! आपण अर्ध्या सेकंदात डास मारत नाही. त्याने माग काढला, कोड उघडा असल्यामुळे मुळाशी पोचला, आणि जाहीर पत्रात सगळं मांडलं. ते पत्र आजही कोणालाही वाचता येतं. मेसेज लिहिणाऱ्याने ते वाचलेलं नाही हे पैजेवर सांगतो. कारण 'सगळ्या सर्व्हरना' हे साफ खोटं आहे. डेबियन ही सर्व्हरवर चालणारी एक ओपन सोर्स प्रणाली; त्या आवृत्त्या तोवर तिच्या टेस्टिंगसारख्या, पुढे धावणाऱ्या वितरणांतच पोचल्या होत्या. डेबियनच्या स्टेबलमध्ये, म्हणजे मामाच्या पतसंस्थेत जे आहे त्यात, त्या कधी आल्याच नाहीत.

आणि उपाय कसा पोचला? अपडेटमधूनच. डेबियनने घाईने जुनी आवृत्ती परत लावली आणि तिला नाव दिलं '५.६.१+रियली५.४.५', म्हणजे वरून आकडा नवा, आत 'खरं तर' जुनाच माल. ज्याच्याकडे त्या आवृत्त्या होत्या आणि ज्याने त्या आठवड्यात मेसेजचा सल्ला ऐकला असता, त्याच्याकडे चोरदरवाजा तसाच राहिला असता. एक कौल फुटकं निघालं म्हणून यंदा शाकारणीच नको, असं कोणी करतं का? जुलैत पागोळ्या घरात पडायला लागल्या की मग कळतं.

मला यात चोरापेक्षा कॉलिनचं जास्त लागतं, कारण मी त्या जागी उभा राहून आलोय. गेल्या वर्षी गणपतीत अकरा दिवस मी गावी होतो, प्रोग्रामकडे बघितलं नाही. परत येऊन बघतो तर एका अनोळखी गृहस्थांचे सात निरोप. पहिल्यात 'छान काम', चौथ्यात 'कोणी जिवंत आहे का', सातव्यात 'जमत नसेल तर मला अधिकार द्या, मी चालवतो'. माणूस बहुधा सज्जनच असेल. पण रात्री साडेअकराला, दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हर बदलायचा असताना, मी 'घे बाबा' म्हणून द्यायला निघालो होतो. कुडाळच्या जोडीदाराने अडवलं.

त्यानंतर आम्ही नियम केला. नवी आवृत्ती एकट्याच्या हाताने बाहेर पडत नाही, चौघांतल्या दोघांनी बघून होकार द्यायचा. ती कोणाच्या लॅपटॉपवरून चढवायची नाही, सगळ्यांना दिसणाऱ्या कोडातूनच तयार करायची. एक्सझेडची मेख नेमकी त्या फटीत होती, लोकांना वाटलेल्या तयार गठ्ठ्यात एक फाइल अशी होती जी उघड्या कोडात नव्हतीच. आणि गणपती, शिमगा, आजारपण, लग्न यांत उत्तर उशिरा मिळेल हे पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय. मामाला एवढंच सांगितलं, तुझ्या पतसंस्थेचा चेक जसा दोन सह्यांशिवाय वटत नाही, तसंच. ते त्याला लगेच कळलं.

फोन कोणाला लावणार, हा प्रश्न मात्र रास्त आहे. आमच्यापुरतं उत्तर: कोणालाच नाही. परवान्यात स्पष्ट लिहिलंय, कसलीही हमी नाही. बंद सॉफ्टवेअरच्या 'मला मान्य आहे' खाली जवळपास हेच लिहिलेलं असतं, पण तिथे निदान एक नंबर असतो आणि गाणं ऐकू येतं. ज्याला नंबर हवाच त्याने ओपन सोर्सचीच पगारी सेवा देणाऱ्यांकडे जावं, तीही मिळते. मामाला मी फुकट मिळतो, तो भाग वेगळा.

रिकामटेकडे म्हटलंय त्याबद्दल काही बोलत नाही. आमच्यातल्या एकीला दोन लहान मुलं आहेत, तिने वाचलं तर ती बोलेल.

रविवारी गुहागरला गेलो. अपडेट चालू केले, बॅकअप आणि प्रोग्राम परत बसवले, तपासणी लावली. बारा दिवसांचा बॅकअप नव्हताच, मामाने काढला त्या दिवसापासूनचा. संगणक शाबूत होता म्हणून निभावलं. मामा शेजारी खुर्ची ओढून बसला होता.

"मी पुढे पाठवला होता रे तो मेसेज," तो म्हणाला. "अकरा जणांना."

"मग अकरा फोन कर."

त्याने चष्मा लावला, फोन काढला. चौथ्या फोनला समोरच्याने हापूसच्या शेवटच्या पेट्यांचा भाव विचारला आणि तो कॉल वीस मिनिटं चालला. उरलेले सात आज करतो म्हणालाय.