लायसन्स? ते कपाटात आहे!

इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरत आलंय. तेव्हा इंदुरी माणसाचं पाकीटही स्वच्छच हवं. लायसन्स, गाडीचे कागद असला कचरा त्यात भरू नका. लायसन्सची जागा ठरलेली आहे: लोखंडी कपाट, मधला खण, पैठणीच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, विम्याच्या पावत्या आणि चिरंजीवांची दहावीची मार्कशीट यांच्या मधोमध. तिथे ते चोराच्या हाती लागेल एकवेळ, पण पोलिसाच्या दृष्टीस पडायचं नाही.

मग रविवारी सकाळी रामबागेतून स्कूटर काढा. पोहे-जिलबी गरम असतानाच खायची म्हणून सौभाग्यवतींनाही मागे बसवा. हेल्मेट? पोहे खायला जाताना हेल्मेट घातलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? आणि मोटार वाहन कायदा एक किलोमीटरच्या पुढेच लागतो, हे तर आपल्याकडे घरोघरी सर्वमान्य आहे.

शिट्टी वाजली की पहिल्यांदा ऐकू येऊ देऊ नका. दुसऱ्यांदा वाजली की थांबा आणि खिसे चाचपा. शर्टाचा, पँटचा, पुन्हा शर्टाचा. मग डिक्की उघडा. तिच्यात एक फडकं, भाजीची पिशवी, वाळून खडा झालेलं लिंबू आणि मुदत संपलेलं पीयूसी निघेल. लिंबाकडे बघत म्हणा, ‘‘अरे, यहीं तो रखा था.’’ हे वाक्य लिंबाला उद्देशून असलं तरी चालतं.

‘‘भिया, लाइसेंस?’’

‘‘घर पे है.’’

आता खरं काम सुरू होतं. आपण इंदूरचे मराठी. म्हणजे आपले कोणी ना कोणी पणजोबा होळकर दरबारात होतेच. (सगळ्यांचेच पणजोबा दरबारात होते, तर बाहेर उभं कोण होतं, हे मला अजून कळलेलं नाही.) हवालदाराला समजावून सांगा, की १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर महेश्वरची राजधानी इथे आली, तेव्हापासून आमचं घराणं या रस्त्यांवर फिरतंय आणि आजवर कोणी अडवलेलं नाही. तो बाजूला व्हायला सांगेल. ती इतिहासाला दिलेली दाद नसते, तुमच्या मागे सिटी बस हॉर्न वाजवत असते.

याच वेळी सौभाग्यवती मागून मराठीत पुटपुटतील, ‘‘द्या ना यांना काहीतरी आणि सुटा.’’ इंदुरात आपली मराठी म्हणजे आपली गुप्त लिपी, असा आपला भाबडा समज असतो. हवालदार पावतीपुस्तकातून मान वर न करता म्हणेल, ‘‘काकू, देणारच आहेत. रीतसर पावती मिळेल.’’

खचू नका. साडूला फोन लावा. साडूच्या ओळखीत एक पार्षद, म्हणजे आपले नगरसेवक, असतात. पार्षद रविवारी सकाळी उचलत नाहीत, पण फोन कानाला लावून ‘‘जी भाईसाब, जी’’ म्हणायला पलीकडे माणूस लागतोच असं नाही.

तेही फसलं तर कायदा काढा. १९८८ च्या कायद्याचं १३० वं कलम सांगतं, की गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन्स दाखवावं लागतं. हे कलम टाळा. १९८९ च्या नियमांतला १३९ वा नियम धरा. त्यात कागद जवळ नसतील तर त्यांचा साक्षांकित उतारा पंधरा दिवसांत रजिस्टर पोस्टाने पाठवण्याची सोय लिहिलेली आहे. भर चौकात हवालदाराकडे पोस्टाचा पत्ता मागणारा माणूस म्हणून तुमचं नाव निदान त्या चौकापुरतं तरी अमर होईल.

डिजिलॉकरचं नावही काढू नका. त्यातलं किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधलं लायसन्स चालतं, असं सरकारने २०१८ मध्येच सांगून टाकलंय, आणि एवढ्या सोप्या गोष्टीने प्रश्न सुटला तर पणजोबांचं काय? हवा तर फोनमधला २०१५ चा फोटो दाखवा. अर्धं लायसन्स, अर्धा अंगठा. तसला फोटो लायसन्स म्हणून चालत नाही, पण अंगठा तुमचाच आहे हे पटवून देता येतं.

एका मुद्द्यावर मात्र प्राण गेला तरी मागे हटू नका: लायसन्स आहे, फक्त जवळ नाही. यात पैशाचाही हिशेब आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या कायद्यात लायसन्स नुसतं जवळ नसल्याचा पहिला दंड ५०० रुपयांपर्यंत, आणि मुळात वैध लायसन्सच नसेल तर ५,००० रुपये. कोर्टात न जाता भरायच्या तडजोडीच्या दंडाचे दर राज्यं आपापले ठरवतात, ते सोडा. म्हणून आवाज चढवून, छाती ठोकून सांगा, ‘‘घर चलिए, अभी दिखाता हूँ!’’ तो येत नाही. त्याला पुढची स्कूटर अडवायची असते. तो छोटी पावती फाडतो आणि तुम्ही जिंकता.

पोहे एव्हाना गार झालेले असतात. ते खा, घरी या आणि विजयी मुद्रेने कपाट उघडा. पैठणी बाजूला करा, पिशवी सोडा, लायसन्स बाहेर काढून सौभाग्यवतींना दाखवा. ‘‘हे बघ, आहे की नाही?’’

त्या चष्मा लावून मुदतीची तारीख वाचतील. गेल्या वर्षीच्या डिसेंबरातली.

काही बोलू नका. ते होतं तसंच पिशवीत घाला, पिशवी पैठणीखाली सरकवा आणि कपाटाला कुलूप लावा.