महिला व बालकल्याणाचा निधी निवांत कसा जिरवावा

अभिनंदन! अंगावरचा गुलाल धुऊन होतोय तोवर तुमच्या पदरात कोल्हापूर जिल्हा परिषदेची महिला व बालकल्याण समिती पडली. तोंड पाडू नका. बांधकाम समिती हुकली म्हणून रुसणारे सदस्य दरवेळी असतात, पण या समितीत जेवढं निवांत बसता येतं तेवढं तिकडं नाही. रस्ता खचला की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. बाईच्या पाठीवरच्या वळांचा फोटो कोण छापतंय?

जिल्हा परिषदेला स्वउत्पन्नातला 10 टक्के वाटा महिला आणि बालकांसाठी ठेवावा लागतो. त्यातून घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी तालुक्याला समुपदेशन केंद्र चालवता येईल, असं बैठकीत कुणीतरी बोलेलच. त्यांना चहा सांगा आणि शिलाई मशीनचा विषय पुढं घ्या. मशीन वाटता येतं. वाटताना मागं फ्लेक्स लागतो, फ्लेक्सवर तुम्ही असता (आमदारसाहेब वर, तुम्ही खाली, एवढं भान ठेवा). समुपदेशक बाई मात्र दार लावून दिवसभर ऐकत बसते आणि कुणाचं ऐकलं तेही सांगत नाही. असल्या कामाची फीत कशी कापणार? वर तिला दर महिन्याला पगार लागतो. मशीन कधी पगार मागत नाही.

केंद्र काढायचंच झालं तर कोल्हापूर शहरात काढा. चंदगडहून यायला शंभरावर किलोमीटर पडतात, पण 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे सोय शासनानं आधीच करून ठेवलीय. मार खाल्लेली बाई कडेवर पोर घेऊन गाडी बदलत येईल. कचेरी बंद होईपर्यंत पोचली नाही, तर तिला वेळेचं महत्त्व कळेल. पोचलीच, तर छळ झालेल्या बायकांसाठीच्या सरकारी सखी वन स्टॉप सेंटरमध्ये 5 दिवस राहता येतं. तेवढ्यात नवरा सुधारतोच. नाही सुधारला तर बाईनं सुधारून घ्यावं. 181 या महिला हेल्पलाईनचे फलक मात्र गावोगाव लावा. घरातला एकुलता मोबाईल नवऱ्याच्या खिशात असतो, ही त्यांची घरगुती बाब.

आता मुख्य युक्ती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या दर चार बायकांमध्ये साधारण एकीनं नवऱ्याची हिंसा सोसल्याचं आढळलं. हा आकडा तुम्ही वाचू नका. त्याच पाहणीतला दुसरा पाठ करा: देशभरात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुठंतरी मदत मागणाऱ्या जेमतेम 14 टक्के. टिपणीत लिहा, ‘मागणी नाही.’ मागायला जागाच ठेवली नाही की मागणी आणखी घटते, आणि पुढच्या वर्षीची तरतूद आपोआप कमी करता येते. गावातले जुने कारभारी हे 2007 च्या तंटामुक्त मोहिमेपासून ओळखून आहेत. बाई ठाण्यात गेली तर तंटा, हात धरून परत घरात बसवली तर समेट. बक्षीस समेटाला असतं.

26 जूनला भाषण करावं लागेल. शाहू महाराजांनी 1919 सालीच बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला, हे छातीठोक सांगा. विधवा प्रथा बंद करायचा ठराव 2022 मध्ये आपल्याच हेरवाडनं केला, हेही सांगा. टाळ्या पडल्या की लगेच खाली बसा. माईक हातात राहिला तर ‘मग यंदा छळ सोसणाऱ्या बायकांसाठी तरतूद किती?’ असं कुणीतरी विचारतं.

तालुक्याला स्वतंत्र संरक्षण अधिकारी, म्हणजे छळ झालेल्या बाईला कोर्टापर्यंत मदत करणारा सरकारी माणूस, मागून शासनाला त्रास देऊ नका. पोषण आहार, सर्वेक्षण आणि निवडणूक यांत आधीच गळ्यापर्यंत बुडालेल्या कुणाकडं तरी अतिरिक्त कार्यभार असलेला बरा. बाईच्या अर्जाची कोर्टात पहिली सुनावणी साधारण 3 दिवसांत लागावी, असं 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा म्हणतो. तो अधिकारी सोमवारी बैठकीला असतो, मंगळवारी दौऱ्यावर. घरगुती घटनेचा अहवाल कधी लिहायचा ते तो आणि ती बाई बघून घेतील.

एवढं करूनही कुणी कायद्याचं पुस्तक आपटलंच, तर घाबरायचं कारण नाही. संरक्षण आदेशानुसारचं काम विनाकारण टाळणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याला कलम 33 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, पण शासनाची पूर्वपरवानगी नसेल तर कलम 34 तो खटलाच उभा राहू देत नाही. आणि त्या अधिकाऱ्याला गाडी, शिपाई आणि पैसा न देणाऱ्या सदस्यासाठी तर कलमच नाही. मी नीट बघून घेतलंय.