वाकडा पेनी म्हणजे नकली पेनी नव्हे

गेले काही महिने नाणेसंग्राहकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक लांबलचक संदेश फिरतो आहे: ‘मध्ययुगीन इंग्रजी चांदीची नाणी घेताना फसू नका’. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. खरं नाणं गोल असतं आणि ठसा मधोमध बसलेला असतो. नाण्यावर ज्या राजाचं नाव, त्याचंच ते नाणं. म्हणून ‘हेन्री’ लिहिलेला पेनी (म्हणजे तेव्हाचं चांदीचं छोटं इंग्रजी नाणं) जॉन राजाचा म्हणून विकणारा लबाड. अर्धं कापलेलं, कड कातरलेलं किंवा चीर पडलेलं नाणं भंगार. आठशे वर्षांपूर्वीचं नाणं स्वस्तात मिळालं तर ते नकलीच. आणि शेवटची कसोटी म्हणजे रांगोळीने घासून पाहा, खरी चांदी लखलखेल. हेतू चांगला असेलही, पण यातलं जवळजवळ सगळं चूक आहे आणि शेवटच्या सल्ल्याने तर चांगली नाणी कायमची बिघडतात.

आधी गोलाईचं पाहू. इंग्लंडमध्ये १६६२ पर्यंत बहुतेक सगळी नाणी हातानेच पाडली जात. खालचा ठसा ओंडक्यात रोवलेला, त्यावर चांदीची पातळ चकती, तिच्यावर दुसरा ठसा आणि वरून हातोड्याचा घाव. घाव तिरपा बसला की एका बाजूची अक्षरं उठत नाहीत. चकती सरकली की राजाचं डोकं कडेला जातं. शिवराई हाताळलेल्या माणसाला हे सांगायला नको. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं पूर्ण उठलेली शिवराई कितीदा हाती लागते? दुसऱ्या हेन्रीने ११५८ ते ११८० या काळात पाडलेले पेनी तर त्याहून ओबडधोबड. लिंकनशायरमधल्या टीलबी गावी १८०७ मध्ये पाच हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा सापडला, म्हणून त्यांना टीलबी पेनी म्हणतात. कित्येकांवरचा निम्मा मजकूर वाचता येत नाही. चांदीचा कस मात्र उत्तम. या मालिकेतलं एखादं गरगरीत गोल, सगळी अक्षरं सुबक उठलेलं नाणं समोर आलं, तर मी आधी त्याच्यावरच संशय घेईन.

राजाच्या नावाची चूक जास्त गंभीर आहे, कारण तिच्यामुळे प्रामाणिक विक्रेत्यांवर आळ येतो. दुसऱ्या हेन्रीने ११८० मध्ये मागच्या बाजूला आखूड क्रूस असलेला नवा पेनी काढला. ११८९ मध्ये तो वारला. त्याच्यामागे मुलगा रिचर्ड आला, मग दुसरा मुलगा जॉन, मग जॉनचा मुलगा तिसरा हेन्री. पण १२४७ पर्यंत नाण्यावरचं ‘हेन्रिकस रेक्स’ बदललं नाही. इंग्लंडच्या टांकसाळीत रिचर्डच्या किंवा जॉनच्या नावाचा एकही पेनी पडला नाही. जॉनचं नाव दिसतं ते आयर्लंडच्या नाण्यांवर. रिचर्डचं, फ्रान्समधल्या त्याच्या मुलखातल्या. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. मुघल बादशहा शाह आलम १८०६ मध्ये वारल्यावरही कंपनी सरकार कित्येक वर्षं त्याच्याच नावाचे रुपये पाडत होतं. लोकांचा ज्या नाण्यावर विश्वास बसलेला असतो, त्याला सहसा कोणी हात लावत नाही.

मग जॉनचा पेनी ओळखायचा कसा? चेहरा, केसांच्या बटा, अक्षरांचं वळण आणि मागे लिहिलेलं नाव यांवरून. जॉनने १२०५ मध्ये नाणी सुधारून घेतली, तेव्हाचे चेहरे आधीपेक्षा स्वच्छ कोरलेले आहेत. मागच्या बाजूला नाणं पाडणाऱ्याचं आणि गावाचं नाव असे. १२४७ नंतरच्या पेनींवर ‘निकोल ऑन लुंड’ आढळतं, म्हणजे लंडनचा निकोल. नाणं हलकं निघालं तर कोणाला धरायचं हे त्यावरून कळे. हे धरणं भयंकर असायचं: पहिल्या हेन्रीने ११२४ च्या नाताळात नाणी पाडणाऱ्यांना विंचेस्टरला बोलावून घेतलं आणि खोट्या नाण्यांपायी त्यांचे उजवे हात तोडले.

त्याच राजाच्या काळात लोक चीर पडलेली नाणी घेईनात. आतली चांदी तपासायला कोणीतरी कडेला चीर दिली, की पुढचा माणूस ते नाणं नाकारी. राजाने यावर उपाय काढला, की सगळीच नाणी चीर देऊन बाहेर काढायची! म्हणून पहिल्या हेन्रीच्या पेनीच्या कडेची छोटी चीर म्हणजे खोट नव्हे, राजाज्ञेची खूण आहे.

कापलेल्या नाण्याचंही तसंच. तेव्हा रोजच्या वापरात पेनी हे एकच नाणं होतं. वजन सुमारे १.४६ ग्रॅम, आपल्या मापात दीड मासा. २४० पेनींचा एक पौंड. एवढ्याशा चकतीचं मोल जवळपास मजुराच्या दिवसाच्या मजुरीएवढं, तेव्हा मोड आणायची कुठून? क्रूसाच्या रेषेवर नाणं कापून अर्धं किंवा पाव करत. पाव पेनीला ‘फार्दिंग’ म्हणत, आणि त्या शब्दाचा अर्थच मुळी चौथा भाग. पहिल्या एडवर्डने १२७९ नंतर गोल अर्धा पेनी आणि गोल फार्दिंग काढले, तेव्हा ही कापाकापी थांबली. ज्याला संदेश भंगार म्हणतो, तो तुकडा बाजारात भाकरी विकत घेऊन आलेला आहे.

कड कातरलेल्या नाण्याबद्दल मात्र मला थांबावंसं वाटतं. कडेची चांदी कातरून ठेवायची आणि नाणं पूर्ण किमतीला खपवायचं, हे रोखायला १२४७ मध्ये क्रूस थेट कडेपर्यंत लांबवला, तरी ते चालूच राहिलं. या आरोपावरून १२७८ मध्ये एडवर्डने देशभरातल्या ज्यूंना पकडलं. शेकडो जण कैदेत पडले आणि एकट्या लंडनमध्ये दोनशेंहून अधिक ज्यूंना फाशी दिलं. १२९० मध्ये उरलेल्या साऱ्यांना देशाबाहेर घालवलं. कातरलेला पेनी तळहातावर घेतला की मला हे आठवतं. त्याला भंगार म्हणवत नाही.

आता किंमत. ब्रसेल्समध्ये १९०८ साली एका ठेव्यात सुमारे दीड लाख नाणी निघाली, त्यांत इंग्रजी पेनींचा मोठा भरणा. इंग्लंडातल्या कोलचेस्टरला १९०२ मध्ये दहा हजारांहून अधिक, १९६९ मध्ये पुन्हा चौदा हजारांच्या घरात. शेतांत धातुशोधक घेऊन फिरणाऱ्यांना सुटी नाणी सापडतात ती वेगळीच, आणि एकटं सापडलेलं नाणं तिथल्या कायद्यात सहसा ‘खजिना’ धरलं जात नाही, त्यामुळे ते बाजारात येऊ शकतं. म्हणून पहिल्या एडवर्डचा लंडनचा साधा पेनी इंग्लंडात आजही शंभर पौंडांच्या आत मिळतो. नकली नाणी आहेत, हे संदेशाचं म्हणणं खरं आहे. पण ती ओळखायची ओतकामाच्या खुणांवरून: कडेला शिवण, पृष्ठभागावर बारीक छिद्रं, बोथट अक्षरं, किंवा दोन नाण्यांवर हुबेहूब तोच ओरखडा.

आणि रांगोळी? मुलामा दिलेलं खोटं नाणंही घासल्यावर लखलखतं, म्हणजे ही कसोटी कशाचाच निवाडा करत नाही. चांदीवरचा काळा थर गंधकाने धरलेला असतो. तो घासताना खालची चांदीही जाते. अक्षरांची उंची केसाएवढी, आणि जमिनीत शतकानुशतकं राहिलेली चांदी ठिसूळ होते, बोटांच्या दाबाने तडकते. देव्हाऱ्यातलं निरांजन आणि हा पेनी सारखे नव्हेत. दोन दशांशांपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा आणि दहापट दाखवणारं भिंग घ्या. कोणी आधीच रांगोळी हातात घेतली असेल, तर कृपा करून ती खाली ठेवा.