‘कॉलेजचा कॅचर पहिल्या पाचात घेऊच नये’ असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा ड्राफ्ट (टीमनी नवीन खेळाडू पाळीपाळीने निवडायचा कार्यक्रम) जवळ आला आणि एखाद्या कॉलेज कॅचरचं, म्हणजे बेसबॉलमधल्या कीपरचं, नाव वर यायला लागलं की दरवर्षी तोच दावा फिरायला लागतो. थोडक्यात असा: ‘कॉलेजचा कॅचर पहिल्या पाचात घेणं म्हणजे पिक (निवडीची पाळी) पाण्यात घालणं. वीटर्स, झुनिनो, बार्ट, डेव्हिस बघा, सगळे फुसके निघाले. कॅचरचे गुडघे जातात. कॉलेजचे होमरन (बेसबॉलचे षटकार) मेटलच्या बॅटचे असतात. चांगले कॅचर खालच्या राउंडमध्येही मिळतात. आणि आता स्ट्राइक (बॉल योग्य पट्ट्यात होता का) मशीनच सांगणार, मग कॅचरचा डिफेन्स बघायचा कशाला?’

मी अटलांटात राहतो, जॉर्जिया टेकच्या मॅचेस बरीच वर्षं बघतोय, आणि हे कॉलेज म्हणजे कॅचरांची खाणच आहे, जेसन व्हेरिटेक, मॅट वीटर्स, जोई बार्ट, केव्हिन पराडा सगळे इथलेच. त्यामुळे हा दावा वाचला की मला खरंच त्रास होतो, कारण यात एकेका पोराची दोन-तीन वर्षांची मेहनत एका ओळीत निकालात काढलेली असते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सगळे फुसके निघाले.’

आधी यादी तर पूर्ण करा. 2007 ते 2025 या 19 ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचात किती कॉलेज कॅचर गेले? आठ. 2007 ला वीटर्स पाचवा, 2008 ला बस्टर पोझी पाचवा, 2009 ला टोनी सांचेझ चौथा, 2012 ला माइक झुनिनो तिसरा, 2014 ला काइल श्वार्बर चौथा, 2018 ला बार्ट दुसरा, 2019 ला अ‍ॅडली रचमन पहिला, 2021 ला हेन्री डेव्हिस पहिला. आठच्या आठ जण मेजर लीगमध्ये खेळले. त्यातले पाच जण ऑल-स्टार झाले. ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचात निवडलेली कितीतरी पोरं मेजर लीगचं मैदानही बघत नाहीत, तिथे आठात आठ पोचणं आणि पाच ऑल-स्टार होणं याला फुसकं म्हणायचं असेल तर मग चांगलं कशाला म्हणायचं ते तरी सांगा. श्वार्बर कॅचर म्हणून टिकला नाही, आउटफिल्डला गेला, हे मान्य, पण शिकागो कब्जनी त्याला घेतला तोच मुळात बॅटसाठी, आणि 2025 मध्ये त्याने 56 होमरन मारले.

आणि यादीतून पोझीचं नाव कसं काय गळतं हे मला कधीच कळलेलं नाही. फ्लोरिडा स्टेटमध्ये पहिल्या वर्षी तो शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधला फील्डर) होता, दुसऱ्या वर्षी कॅचर झाला, 2008 ला .463 ची सरासरी (म्हणजे शंभर संधींत 46 हिट्स) आणि 26 होमरन, मग पाचव्या नंबरवर सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे गेला, 2010 ला रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित), 2012 ला एमव्हीपी (लीगचा सगळ्यात मौल्यवान खेळाडू), आणि तो असताना टीमने 2010, 2012 आणि 2014 अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. त्याच्याआधी जे चार गेले त्यातला एकही त्याच्या जवळपास पोचला नाही.

वीटर्सबद्दल तर अन्यायच होतो. त्याच्याकडून पोझीसारखी अपेक्षा होती, ती पूर्ण झाली नाही, ठीक. पण चार वेळा ऑल-स्टार, दोन गोल्ड ग्लव्ह (सर्वोत्तम फील्डिंगचा पुरस्कार). आणि पिकची तुलना अपेक्षेशी नाही, त्या नंबरच्या आसपास कोण होतं त्याच्याशी करायची असते. 2007 ला तिसरा गेलेला जॉश व्हिटर्स मेजर लीगमध्ये 36 मॅच खेळला, चौथा गेलेला पिचर (बॉल टाकणारा) डॅनियल मॉस्कॉस 31 मॅच. पिट्सबर्गने वीटर्स समोर असताना मॉस्कॉसला घेतलं म्हणून तिथले लोक तेव्हाच चिडले होते. आता त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या नंबरवर मॅडिसन बमगार्नर होता हेही खरं, पण तो हायस्कूलचा पिचर होता आणि त्याला वीटर्स घेणाऱ्या बॉल्टिमोरशिवाय आणखी आठ टीमनी सोडलाच होता ना.

डेव्हिसचं नाव नेहमी शेवटी हातोड्यासारखं मारतात. पहिला पिक, आणि बॅट अजून चाललेली नाही, 2023 ला तर त्याला राइट फील्डला उभं केलं. हे सगळं खरं आहे. पण पिट्सबर्गने त्याला 65 लाख डॉलरवर साइन केलं तेव्हा त्या पिकचा ठरलेला आकडा 84 लाखांच्या वर होता, म्हणजे जवळपास 19 लाख वाचले, आणि अशा वाचलेल्या पैशातूनच खालच्या राउंडमध्ये हायस्कूलच्या महागड्या पोरांना घेता येतं, तिसऱ्या राउंडला बबा चँडलरला 30 लाख दिले तसे. तो पिचर 2025 ला मेजर लीगमध्ये आला. डेव्हिसचा हिशोब करताना चँडलर त्याच हिशोबात धरायला हवा.

सगळ्यात जड प्रश्न रचमनचा आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. 2019 ला बॉल्टिमोरने रचमनला घेतलं आणि दुसऱ्या नंबरवर कॅन्सस सिटीकडे बॉबी विट ज्युनियर गेला. आज कोणीही विटलाच घेईल, मीसुद्धा. 2024 च्या उत्तरार्धापासून रचमनची बॅट थंडावली, 2025 दुखापतींमध्ये गेलं. पण त्या दिवशी स्काउटसमोर (टीमसाठी खेळाडू हेरणाऱ्यांसमोर) काय होतं ते बघा: ओरेगॉन स्टेटमध्ये पहिल्या वर्षी .234 मारणारा पोरगा दुसऱ्या वर्षी कॉलेज वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्कृष्ट खेळाडू होतो, 17 हिट्सचा विक्रम करतो, तिसऱ्या वर्षी .411, त्यात 76 वॉक (चार बॉल पट्ट्याबाहेर पडले म्हणून फुकट मिळालेला पहिला बेस) आणि फक्त 38 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद). प्रतिस्पर्धी टीमने बेसेस भरलेल्या असताना त्याला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे एक रन फुकट दिला पण त्याला मारू दिलं नाही. आणि मेजरमध्ये तो आला 21 मे 2022 ला, तेव्हा बॉल्टिमोर 16 जिंकून 24 हरलेले होते, आदल्या वर्षी तर 110 मॅच हरलेले, तीच टीम त्या सीझनला 83 जिंकून थांबली आणि पुढच्या वर्षी 101. हे सगळं एकट्याने केलं असं मी म्हणणार नाही, पण तरुण पिचर स्टाफला दररोज सांभाळणारा माणूस तोच होता. याला वाया गेलेला पिक म्हणणं मला पटत नाही.

‘कॅचरचे गुडघे जातात.’

जातात, आणि घोटेही जातात, 2011 ला होम प्लेटवरच्या धडकेत पोझीच्या पायाचं हाड मोडलं आणि घोट्याचे लिगामेंट फाटले होते. पुढच्याच वर्षी तो एमव्हीपी झाला, आणि 2014 पासून तशा धडकांवर नियम आला. पण दुखापतीची भीती कॅचरलाच का लावता? बार्टच्या वर्षी पहिला गेलेला केसी माइझ पिचर होता, 2022 ला त्याच्या कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन झालं. पहिल्या नंबरवर पिचर घेताना कोणी असे मेसेज फॉरवर्ड करत नाही.

‘मेटलची बॅट.’

2011 पासून कॉलेजच्या बॅटवर कडक नियम आहेत, उसळी बरीच कमी केलेली आहे, आणि उन्हाळ्यात केप कॉड लीगमध्ये हीच पोरं लाकडी बॅटने खेळतात, स्काउट तिथे जाऊन बसतात. मुद्दा जुना झालाय.

पण बॅटच्या बाबतीत एक गोष्ट खरंच बघण्यासारखी आहे आणि ती या दाव्यात कुठेच नाही. होमरन मोजू नका, कुठल्या बॉलला बॅट घातली नाही ते बघा. झुनिनोने फ्लोरिडातल्या शेवटच्या वर्षी गोल्डन स्पाइक्स (सर्वोत्तम हौशी खेळाडूचा पुरस्कार) जिंकलं, पण स्ट्राइकआउट वॉकपेक्षा जास्त होते. सिएटलने त्याला वर्षभरात मेजरमध्ये आणलं, आणि 2014 ला काय झालं? 22 होमरन, पण .199 ची सरासरी, 158 स्ट्राइकआउट आणि वॉक फक्त 17. बार्टचंही तसंच, कॉलेजमध्येच स्ट्राइकआउट जास्त, मग 2022 ला जायंट्ससाठी 11 होमरन आणि 112 स्ट्राइकआउट, तेही शंभरपेक्षा कमी मॅचमध्ये. डेव्हिसने मात्र हा नियम मोडला, त्याचे कॉलेजमध्ये वॉक जास्त होते तरी पुढे अडलं, म्हणजे ही काही जादूची कांडी नाही. तरी एखाद्या कॅचरवर 70-80 लाख डॉलर लावायचे असतील तर मी पहिल्यांदा हेच बघेन, दोन स्ट्राइक झाल्यावर बाहेर पडणाऱ्या स्लायडरला (शेवटी बाजूला वळणाऱ्या बॉलला) तो काय करतो. झुनिनो आणि बार्ट अडखळले ते कॅचर होते म्हणून नाही, स्ट्राइकआउटमुळे, आणि तेवढेच स्ट्राइकआउट एखाद्या थर्ड बेसमनचे असते तर तोही तिथेच अडखळला असता.

‘चांगले कॅचर खाली मिळतात.’

इथे नेहमी कॅल रॉलीचं नाव येतं. 2018 चाच ड्राफ्ट, बार्ट दुसरा आणि रॉली 90 वा, आणि 2025 ला रॉलीने 60 होमरन मारले, कॅचरने एका सीझनमध्ये एवढे कधीच मारले नव्हते. पण रॉली कोण होता? फ्लोरिडा स्टेटचा, कॉलेज कॅचरच! 2025 च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचमध्ये अकराव्या इनिंगला होमरन मारून डॉजर्सला जिंकवणारा विल स्मिथ, 2016 ला 32 वा गेलेला, तोही लुइव्हिलचा कॉलेज कॅचर. म्हणजे यातून सिद्ध काय होतं? कॉलेज कॅचर घेऊ नये हे तर नक्कीच नाही. पहिल्या दोन राउंडमध्ये रॉलीला कोणीच घेतलं नाही आणि सिएटलनेही तिसऱ्या राउंडपर्यंत हात लावला नाही, याचा अर्थ बघण्यात चूक झाली, मग नीट बघायला शिकायचं की बघणंच सोडायचं?

‘मशीन आलं, आता फ्रेमिंग (कडेचा बॉल स्ट्राइक वाटेल असा झेलणं) संपलं.’

हा मुद्दा आता सगळ्यात जास्त फिरतोय आणि सगळ्यात जास्त चुकीचा आहे. 2026 पासून जे आलं ते चॅलेंज आहे, म्हणजे अंपायरचा निर्णय मशीनकडून तपासून मागणं. प्रत्येक टीमला दोन, बरोबर निघालं तर शिल्लक राहतं, चुकलं तर गेलं. मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून तीनशेच्या आसपास बॉल पडतात, त्यातल्या ज्यांना बॅट घातली जात नाही त्यांपैकी बहुतेकांचा निर्णय अजून प्लेटमागे उभा असलेला अंपायरच देतो, तेव्हा कडेचा बॉल शांत हाताने घेणाऱ्या कॅचरची किंमत कमी होईल पण संपणार नाही. शिवाय चॅलेंज मागायचा हक्क फक्त पिचर, कॅचर आणि बॅटरला, लगेच टोपीवर किंवा हेल्मेटवर हात ठेवून, डगआउटमधून खूण चालत नाही. यात बॉल सगळ्यात नीट कोणाला दिसतो? कॅचरलाच. म्हणजे त्याच्यावर एक नवीन काम वाढलंय, पहिल्या इनिंगला रागाने चॅलेंज उडवायचं की आठव्यासाठी राखायचं, आणि हे काम कोण शांत डोक्याने करेल तेही आता स्काउटला बघावं लागणार.

मग बघायचं कसं? लोक व्हिडिओवरून पॉप टाइम सांगतात, म्हणजे बॉल मिटमध्ये (कॅचरच्या ग्लव्हमध्ये) शिरल्यापासून सेकंड बेसवरच्या फील्डरच्या हातात पडेपर्यंतचा वेळ, दोन सेकंद म्हणजे साधारण सरासरी. हे अंतर सव्वाशे फुटांहून जास्त आहे, सोपं नाहीये. पण पिचरने बॉल प्लेटवर पोचवायला 1.3 सेकंद घेतले तर एकूण 3.3 होतात आणि सेकंड बेस चोरायला धावलेला रनर सापडू शकतो, पिचरने 1.6 घेतले तर 1.9 चा थ्रो असूनही 3.5 होतात आणि रनर आरामात पोचतो. म्हणून किती रनर बाद केले हा आकडा एकट्या कॅचरचा नसतोच, पिचरचं घड्याळही लावावं लागतं.

आणि दुसरं, बॉल कुठला टाकायचा हे कोण ठरवतं? कॉलेजात बहुतेक ठिकाणी कोच डगआउटमधून सांगतो, कॅचर फक्त निरोप पोचवतो. बार्टला जॉर्जिया टेकमध्ये ते स्वतः ठरवायची मोकळीक होती, आणि हे त्याच्या बाजूने फार मोठं होतं. जिथे कोच सांगतो तिथे कॅचरचं डोकं दुसरीकडे शोधावं लागतं, पिचर घसरायला लागल्यावर तो किती लवकर माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) जातो, अंपायरशी कसा बोलतो, वगैरे. आपण कीपरचं कसं करतो, फास्ट बोलरला मागे उभं राहून झेल घेतला यावर ठरवत नाही, स्पिनरला स्टंपजवळ उभं राहून लेग साइडचा बॉल कसा गोळा करतो ते बघतो, तसंच हे.

म्हणून कॉलेजच्या शुक्रवार ते रविवारच्या सिरीजमधली शुक्रवारची मॅच बघून कॅचरवर मत बनवू नका, तेव्हा टीमचा सगळ्यात चांगला पिचर असतो आणि मिट हलवावाच लागत नाही. रविवारी दुपारी या. दोन दिवस खाली बसून पाय भरलेले, ऊन, आठवी इनिंग, थर्ड बेसवर रनर, आणि समोर असा रिलीव्हर (बदली पिचर) ज्याचा स्लायडर कधी मातीत पडेल त्यालाच माहीत नाही. अशा वेळी पिचर तो स्लायडर टाकायला धजतो का, आणि टाकला तर कॅचर मिट पुढे करतो की छाती खाली घालतो, तेवढं वहीत लिहून ठेवा.