गिऱ्हाइकाला आपला पिन दुसऱ्याच्या हाती द्यावा लागू नये

एखादे ऑनलाइन दुकान दिव्यांग ग्राहकांना वापरता येते की नाही, हे ठरवताना मी एकच कसोटी लावते. दुकान उघडल्यापासून पैसे भरल्याची पावती मिळेपर्यंतचा सगळा व्यवहार त्या ग्राहकाला घरातल्या कोणालाही हाक न मारता पूर्ण करता आला पाहिजे. वस्तू सापडली पण किंमत शेजारच्या मुलाकडून वाचून घ्यावी लागली, किंवा सगळे जमले आणि शेवटच्या पानावर अडून बसावे लागले, तर ते दुकान त्या ग्राहकासाठी बंदच आहे, असे माझे ठाम मत आहे.

हे लिहिण्याचे कारण असे की, मी फोंड्यात लहान व्यावसायिकांना संकेतस्थळे तयार करून देण्याचे काम करते आणि गणेश चवथीच्या आधीचे दोन महिने आमच्याकडे नव्या दुकानांची गर्दी असते. काजू, आमसुले, खाजे, खोल्याची मिरची, कुणबी साड्या, मातीची भांडी असा गोव्याचा माल आता घरबसल्या मागवता येतो. त्यात स्वयंसाहाय्य गटांतल्या बायका मोठ्या हिमतीने उतरल्या आहेत आणि याचा मला मनापासून आनंद आहे. रंग कोणता, बोधचिन्ह कुठे, घरपोच सेवेचा खर्च कोणी सोसायचा, यावर तासन्‌तास चर्चा होते. दिसत नसलेले किंवा ऐकू येत नसलेले गिऱ्हाईक खरेदी कशी करणार, हा विषय मात्र मी काढल्याशिवाय निघत नाही, आणि काढला की उत्तर ठरलेले असते: आमच्याकडे तसे गिऱ्हाईक येतच नाही.

हे उत्तर मला पटत नाही. २०११ च्या जनगणनेत एकट्या गोव्यात सुमारे ३३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, ते त्यानंतर, म्हणजे त्यातले सगळे प्रकार त्या मोजणीत धरलेले नव्हते. आणि जे गिऱ्हाईक पहिल्याच पानावर अडखळून परत गेले, त्याची नोंद दुकानदाराकडे होणार तरी कशी? त्याने ऑर्डर दिलेली नसते, तक्रारही केलेली नसते. न आलेल्या माणसांची यादी कोणत्याच वहीत सापडत नाही, म्हणून ती माणसे नाहीतच, असे धरून चालणे चुकीचे आहे.

खरे तर ऑनलाइन दुकानाची सर्वांत जास्त गरज याच मंडळींना आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात व्हीलचेअर घेऊन शिरून पाहावे. पायऱ्या, वाटेत मांडलेल्या पाट्या, पावसाळ्यातला चिखल आणि माणसांची रेटारेटी यातून धडधाकट माणूसही वैतागून बाहेर येतो. घरात बसून, आपल्या वेळेने, कोणाची सोबत न शोधता चार वस्तू निवडण्याची सोय या माणसांना प्रथमच मिळाली ती मोबाइलमुळे, आणि तीही आपण निष्काळजीपणाने हिरावून घेतो, याचे मला अधिक दुःख होते.

माझी एक मावसबहीण डिचोलीला राहते. तिला अजिबात दिसत नाही, पण मोबाइल ती माझ्यापेक्षा चपळाईने चालवते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय मुळातच असते. बोट उजवीकडे सरकवले की पडद्यावरचा पुढचा घटक फोन बोलून दाखवतो आणि दोनदा टिचकी मारली की तो उघडतो. आयफोनमध्ये हेच काम व्हॉइसओव्हर करतो. एकदा ती माझ्या शेजारी बसून एका दुकानातून आमसुले मागवत होती. दुकानाचे नाव फोनने नीट वाचले. मग वस्तूच्या चित्रापाशी आल्यावर फाइलच्या नावातली अक्षरे आणि आकडे एकामागून एक म्हटले. किंमत चित्रावरच छापलेली असल्यामुळे ती फोनला कळलीच नाही. पुढे तीन बटणे होती आणि तिन्ही ठिकाणी फोन केवळ ‘बटण’ एवढेच म्हणाला. त्यातले एक वजन वाढवण्याचे, एक कमी करण्याचे आणि एक वस्तू पिशवीत टाकण्याचे आहे, हे मला दिसत होते. तिला दिसत नव्हते, आणि तिला सांगायचे नाही असे आमचे आधीच ठरले होते. तिने अंदाजाने मधले बटण दाबले. काही घडले की नाही, हे सांगणारा आवाज आला नाही, म्हणून पुन्हा दाबले. अर्धा किलो आमसुले हवी होती, ती किती झाली हे तिला शेवटपर्यंत समजले नाही. पैसे भरण्याच्या पानावर वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहिण्याची चाचणी आली आणि तिला ऐकण्याचा पर्यायही दिलेला नव्हता. तिथे तिने फोन खाली ठेवला.

अशा वेळी एरवी ती काय करते, हे मी तिला विचारले. ती म्हणाली, भाच्याला बोलावते, त्याच्या हातात फोन देते आणि पिन सांगते. बँका वर्षानुवर्षे कानीकपाळी ओरडत आहेत की पिन आणि ओटीपी कोणालाही सांगू नका, आणि आपण उभारलेली दुकाने एका मिळवत्या, सुशिक्षित बाईला तेच करायला भाग पाडतात. भाचा गुणी आहे, तो काही गैर करणार नाही, पण प्रश्न त्याच्या स्वभावाचा नाहीच. तिने काय मागवले, कितीला मागवले, आतले कपडे कोणत्या मापाचे घेतले, कोणते औषध घेतले, हे घरातल्या पोराला कळावे अशी तिची इच्छा आहे का, हे आपण तिला कधी विचारलेले नसते. घरचे कोणी ना कोणी मदत करतेच, असे जे सहजपणे म्हटले जाते, त्यात तिचा खाजगीपणा आपण परस्पर खर्ची टाकलेला असतो.

यातल्या बहुतेक अडचणी दूर करायला फार मोठी विद्या लागत नाही. बटणाला पानाच्या कोडमध्ये नाव द्यावे, म्हणजे फोन ‘पिशवीत टाका’ असे म्हणेल. वजन बदलले की नवा आकडा बोलून दाखवला जाईल, अशी व्यवस्था करावी. किंमत आणि वजन चित्रात न छापता मजकूर म्हणून लिहावे. समाजमाध्यमांवर तर हा दोष सर्रास दिसतो, कारण सगळी माहिती एका सुबक चित्रात भरली जाते आणि खाली केवळ ‘संपर्क साधा’ एवढेच लिहिलेले असते. प्रत्येक चित्राला फोनने वाचून दाखवायचे पर्यायी वर्णन जोडता येते, आणि ते वर्णन दुकानदाराने स्वतः लिहावे असा माझा आग्रह असतो, कारण मालाची जाण त्यालाच असते. कुणबी साडीच्या चित्राखाली नुसते ‘साडी’ लिहून काही उपयोग नाही. ‘लाल रंगाची, पांढऱ्या बारीक चौकड्यांची सुती कुणबी साडी, काठ गडद लाल’ असे लिहिले, तर न पाहणाऱ्या बाईलाही आपल्याला ती हवी की नको हे ठरवता येते. तिला रंगांशी काय करायचे आहे, असे मला एका दुकानदाराने विचारले होते. लोक तिला त्या साडीत पाहणार आहेत, आणि आपण काय नेसलो आहोत हे जाणण्याचा तिला इतरांइतकाच अधिकार आहे.

मराठी आणि कोंकणी दुकानांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे बाहेरचे तज्ज्ञ क्वचितच लक्ष देतात. पानाच्या कोडमध्ये भाषा नोंदवायची एक जागा असते. तयार साचा आणून त्यात मजकूर भरला की तिथे इंग्रजीच राहते. मग मराठी मजकुरावर इंग्रजी आवाज लावला जातो आणि पुष्कळदा तो देवनागरी शब्द गाळून केवळ आकडे वाचतो. ही नोंद बदलायला एक मिनिट पुरते. तसेच छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या फॉन्टमधला मजकूर जसाच्या तसा चिकटवला, तर डोळ्यांना तो मराठी दिसला तरी यंत्राच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरे असतात. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीतच असावा, याला पर्याय नाही.

डोळ्यांनी दिसते पण कमी दिसते, अशांची संख्या तर घरोघरी आहे. मुले आखातात किंवा पोर्तुगालला, आणि घरात मोतीबिंदू झालेले आईवडील, हे चित्र गोव्यात नवे नाही. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे कितीही नाजूक दिसोत, त्यांना ती वाचता येत नाहीत. संकेतस्थळांच्या सुगमतेचे, म्हणजे ती दिव्यांगांनाही वापरता यावीत यासाठीचे, जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे असे म्हटले आहे, आणि ते मोजणारी साधने फुकट मिळतात. कापरा हात असलेल्यांसाठी बटणे मोठी आणि एकमेकांपासून दूर हवीत. चुकलेला रकाना केवळ लाल करून भागत नाही. काय चुकले ते शब्दांत लिहावे.

बहिऱ्या ग्राहकांची अडचण वेगळी आहे आणि ती दुकानाच्या पानावर दिसतच नाही. आपल्याकडे पत्ता म्हणजे बऱ्याचदा देवळामागे, तळ्याच्या बाजूला, अमक्याच्या घराशेजारी असा असतो, त्यामुळे सामान घेऊन येणारा मुलगा वळणावर थांबून फोन करतोच. ज्याला ऐकू येत नाही तो फोन उचलत नाही, आणि ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा लागून सामान परत जाते. यावर उपाय म्हणजे ऑर्डरच्या फॉर्ममध्ये ‘फोन करू नये, संदेश पाठवावा’ अशी एक चौकट ठेवणे, तो मजकूर पुडक्यावरच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत छापणे आणि जागेचा नकाशा जोडण्याची सोय देणे. मी हे काही दुकानांत करून दिले आहे. ऐकू येणारी माणसेही ती चौकट वापरतात.

कायद्याचे म्हणाल, तर २०१६ च्या कायद्यातले, सुगमतेच्या नियमांनुसार सेवा देण्याचे बंधन घालणारे कलम ४६ सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही सेवा देणाऱ्यांना लागू आहे. नियम २०१७ मध्ये आले आणि त्यानंतर दोन वर्षांची मुदत होती, ती कधीच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी या दृष्टिबाधित याचिकाकर्त्यांच्या प्रकरणात सुगमतेचे निकष केवळ शिफारसवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे बजावले. ३० एप्रिल २०२५ रोजी याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या प्रकरणातल्या एक अर्जदार ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या होत्या, आणि बँकेच्या ऑनलाइन ओळख पडताळणीत डोळ्यांची उघडझाप करून दाखवणे त्यांना शक्य नव्हते. ज्याने तो नियम रचला, त्याच्या मनात असा माणूस आलाच नसेल. आपणही फॉर्म तयार करताना असेच वागतो.

घाईने मार्ग काढणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. पानाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचे चिन्ह लावणारी कोडची एक ओळ विकत घेतली की दुकान आपोआप सुगम होते, अशी जाहिरात करणाऱ्या कंपन्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने असे दावे करणाऱ्या एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावण्याचा आदेश जाहीर केला. नाव नसलेल्या बटणाला त्या चिन्हामुळे भरवशाचे नाव मिळत नाही, आणि माझी बहीण तर ते चिन्ह आढळले की पान बंदच करते, कारण तिच्या फोनच्या आवाजात त्याचा आवाज मिसळतो.

पणजीत जानेवारी २०२३ पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरू लागला, देशभरातून दिव्यांग मंडळी येऊ लागली आणि गोव्याने त्यांचे मनापासून स्वागत केले. त्याच आस्थेने आपल्या व्यवसायांकडे पाहावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. संकेतस्थळ करून घेताना कंत्राटात लिहून घ्यावे की टॉकबॅक लावून ऑर्डर पूर्ण करून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. संगणकावर माउस बाजूला ठेवून केवळ टॅब आणि एंटर या कळांनी पैसे भरण्यापर्यंत पोहोचता येते का, तेही पाहावे. स्वयंसाहाय्य गटांच्या प्रशिक्षणात फोटो कसा काढावा हे शिकवतात, त्याच तासात फोटोचे वर्णन कसे लिहावे हेही शिकवता येईल. आणि तपासणीसाठी एखाद्या अंध किंवा बहिऱ्या व्यक्तीला बोलावले, तर तिला त्या कामाचे पैसे द्यावेत, कारण ती उपकार करायला आलेली नसते आणि तिच्याइतके ते काम दुसऱ्या कोणाला येत नाही.

या चवथीला ज्यांचे दुकान सुरू होणार आहे, त्यांनी मला इथेच संदेश पाठवावा. पैसे भरण्याचे पान मी टॉकबॅक लावून विनामूल्य तपासून देईन आणि अडचणी मराठीत लिहून पाठवीन.