त्याला लहानपणी काय झालं होतं?

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

भावाचा मुलगा काल रात्री मुंबईहून आला. तिकडे वेबसिरीज लिहिणाऱ्यांच्या टोळीत असतो. पोरगा गुणी आहे, माझा लाडका आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याला सोलणार आहे. आज मिसळ खायला गेलो होतो. तर्री यायच्या आधीच साहेबांनी बातमी दिली, "आत्या, आम्ही जुन्या मराठी रहस्यकथांमधला एक डिटेक्टिव्ह परत आणतोय." मला इतका आनंद झाला की हातातला पापड मोडला. कोणता रे? झुंजार? धनंजय? काळ कोणता घेताय? तर म्हणतो, "ते नंतर गं. आधी त्याचा ट्रॉमा फायनल करायचाय. म्हणजे त्याला लहानपणी काय झालं होतं ते."

अरे, काय व्हायचंय त्याला लहानपणी? गोवर झाला असेल!

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. रात्रपाळीला जाताना पिशवीत डबा आणि एक रहस्यकथा. बिटको चौकाच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये एक लायब्ररी होती, तिथून दिवसाच्या भाड्याने पुस्तकं यायची. मी पाचवी-सहावीत असेन. एकदा बाबा सकाळी घरी आले ते तणतणतच. पुस्तकाची शेवटची पानं गायब! परत द्यायला गेले तर लायब्ररीवाला म्हणाला, पानं तुम्हीच फाडलीत, पैसे भरा. बाबांनी भांडून भांडून शेवटी पैसे भरले आणि पुस्तक घरी घेऊन आले. ते अजून माझ्याकडे आहे. कव्हर नाही, पहिली दोन पानं नाहीत, शेवट नाही. लेखक कोण, तेही कळायला मार्ग नाही. बाबा म्हणायचे अर्नाळकरच. आई म्हणायची, तुम्हाला सगळेच अर्नाळकर वाटतात. (त्यात बाबांची फार चूक नव्हती. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण.) पुस्तकातल्या डिटेक्टिव्हचं नाव मी इथे मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तुमच्यातलं कुणीतरी कमेंटमध्ये खुनी सांगून मोकळं होईल.

तर त्या डिटेक्टिव्हचं लहानपण पुस्तकात कुठेही नाही. आईबाप नाहीत, दुःख नाही. तो पान चारवर ओल्या बुटांनी दिवाणखान्यात येतो आणि विचारतो, पाऊस पडला नाही तर ही छत्री ओली कशी? बास. बाबांना तेवढा पुरला. आम्हाला पन्नास वर्षं पुरला.

मुंबईतल्या टोळीला मात्र पुरत नाही.

पोरगा म्हणतो, "आत्या, आता जगभर असंच करतात. पेरी मेसन बघ." बघितलाय बाबा. गार्डनरच्या कादंबऱ्यांतला मेसन १९३३ पासून वकील. टीव्हीवर १९५७ ते १९६६ रेमंड बर कोर्टात उभा राहायचा आणि साक्षीदाराला घाम फोडायचा. त्याच्या घरी काय चाललंय ते कुणी विचारलं नाही. २०२० मध्ये एचबीओने त्याला परत आणला तो पहिल्या महायुद्धातून पोळून आलेला, घटस्फोटित, मुलाला पारखा झालेला खाजगी डिटेक्टिव्ह म्हणून. वर आईबापांचा मोडका गोठा आणि त्यात गाई! काम मॅथ्यू ऱ्हीसने झकास केलंय, खोटं कशाला बोलू, दोन्ही सीझन मी रात्री जागून पाहिले. पण पाहताना सारखं वाटत होतं की कुणाचीतरी वैद्यकीय फाईल वाचतेय.

आणि मग सॅम स्पेड. डॅशिएल हॅमेट या अमेरिकन लेखकाचा डिटेक्टिव्ह. हॅमेट स्वतः पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर कंपनीत नोकरी केलेला माणूस, धंदा आतून पाहिलेला. 'द माल्टीज फाल्कन' १९२९ पासून 'ब्लॅक मास्क' या स्वस्त कागदावरच्या मासिकात क्रमशः आली, आपल्या लायब्ररीतल्या पुस्तकांचीच जात. अख्ख्या कादंबरीत स्पेडच्या मनात काय चाललंय ते हॅमेट सांगतच नाही. रात्री फोन वाजतो, भागीदार मेल्याचं कळतं. आणि स्पेड काय करतो? दिवा लावून सिगारेट वळत बसतो. कागद, तंबाखू, बोटं, कड जिभेने ओली करणं, सगळं सावकाश लिहिलंय. त्याला दुःख झालं की सुटल्यासारखं वाटलं, तुम्ही ठरवा.

मी ते वाचलं तेव्हा मला बाबा दिसले. काका गेल्याची तार आली तेव्हा बाबा ओट्यावर बसून तंबाखू मळत राहिले. चुना लावला, मळला, थापटला, परत मळला. तोंडात टाकला नाहीच. आई आतून म्हणाली, "अहो, निघायचं ना?" तर म्हणाले, "हो, निघू." त्या दहा मिनिटांत त्यांना काय वाटलं ते मला आजही माहीत नाही. आता ह्यावर एक फ्लॅशबॅक टाकणार का तुम्ही? दोन लहान भाऊ नदीत पोहतायत, मागे बासरी?

स्पेडलाही परत आणलाय, २०२४ मध्ये. सहा भाग, क्लाइव्ह ओवेन. १९६३ साल, दक्षिण फ्रान्समधलं बोझूल नावाचं गाव, म्हातारपणाकडे झुकलेला स्पेड. बायको देऊन तिला मारून टाकलीय, ते मला रुचलं नाही, आणि शेवटचा भाग घाईघाईने गुंडाळलाय. पण एक गोष्ट काय केलीय! त्याची फुप्फुसं गेलीत आणि डॉक्टर त्याला सिगारेट बंद करायला सांगतो. ज्याचं सगळं बोलणं सिगारेटमध्ये होतं त्याच्या हातातून तीच काढून घेतली. लहानपण उकरलं नाही, वय होऊ दिलं. जुना माणूस परत आणायचा तर असा आणा ना!

आपल्याकडेही हे जमलेलं आहे. १९९३ मध्ये बासू चटर्जींनी दूरदर्शनवर बंगाली कथांमधला डिटेक्टिव्ह ब्योमकेश आणला. धोतर नेसलेला, शांत, चहा पिणारा रजित कपूर. कुणाला त्याचा ट्रॉमा लागला होता?

आणि नॉयर, म्हणजे त्या काळोख्या गुन्हेकथा, म्हणजे नुसता पाऊस, टोपी आणि निळा अंधार नव्हे रे राजा. खुनी सापडतो पण काही सुधारत नाही, ते नॉयर. त्याला नाशिक काय कमी आहे? सिंहस्थ आलाय तोंडावर, जमिनींचे भाव बघ. सातबाऱ्यावर एक नाव, ताबा दुसऱ्याचा, पैसा तिसऱ्याचा. गोदेला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढलं ते बघायला सगळं गाव रामकुंडावर लोटतं, त्या गर्दीत उभा कर तुझा डिटेक्टिव्ह. ड्रोन कशाला उडवतोस?

बरं, जुन्या पुस्तकांत बायका एक तर बेशुद्ध पडायच्या नाहीतर दुधात विष कालवायच्या. ते बदला, खुशाल बदला.

हे सगळं मी मिसळीच्या टेबलावर आवाज चढवून बोलले. शेजारचे लोक बघायला लागले. पोरगा ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "आत्या, आजोबांनी तरी काय केलं? शेवट नव्हता तर रोज नवा रचायचे ना?"

गप्प बसले मी. खरंय. लाईट गेली की आम्ही बाबांच्या भोवती आणि खुनी रोज वेगळा. कधी मुनीम, कधी वहिनी, एकदा तर मेलेला माणूसच. आम्ही पोरं विचारायचो, मग छत्री ओली कशी? बाबा दर वेळी त्याचं वेगळं उत्तर काढायचे. पण त्या डिटेक्टिव्हला त्यांनी कधी हात लावला नाही, एवढं मात्र मी त्याला ऐकवलंच.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. दुपारी पोरग्याला ते पुस्तक दाखवलं. इतकी वर्षं तो नुसतं ऐकून होता. शेवटच्या उरलेल्या पानावर बाबांनी पेन्सिलीने चार नावं लिहून तीन खोडलीत. त्याने फोटो काढायला फोन काढला आणि परत खिशात ठेवला. सोफ्यावर पाय वर घेऊन वाचत बसला. पाचची बस होती, सातच्या बसने गेला.

आत्ता ही पोस्ट लिहिताना त्याचा मेसेज आला, कसाऱ्याच्या आसपास असेल. "आत्या, मुनीम तर गावालाच नव्हता. मग छत्री??"

बाबांचं ह्यावर एक उत्तर होतं. टाइप करण्यासारखं नाही, घरी पोचला की फोन करते.