होतकरू महान दिग्दर्शकांस काही सूचना

आपणांस महान चित्रपट-दिग्दर्शक व्हावयाचे असेल, तर भिंगे, प्रकाशयोजना आणि संकलन शिकण्यात उमेदीची वर्षे घालवू नयेत. ती कामे जाणणारी माणसे पगारावर मिळतात. साध्या दिग्दर्शकाच्या हट्टाला उधळपट्टी म्हणतात आणि महान दिग्दर्शकाच्या हट्टाला दृष्टी. तेव्हा प्रथम एखादा भक्कम हट्ट निवडावा आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर पडेल, अशी तजवीज करावी.

या बाबतीत जर्मनीच्या वेर्नर हर्झोग यांच्याकडून पुष्कळ घेण्यासारखे आहे. पेरू देशातील कार्लोस फित्झकराल्द नावाच्या रबराच्या व्यापाऱ्याने एका नदीतून दुसऱ्या नदीत आगबोट नेण्यासाठी तिचे भाग सुटे करून ते डोंगरापार वाहून नेले होते. तो पडला व्यापारी. त्याला फक्त बोट पलीकडे हवी होती. हर्झोग यांना मात्र कला हवी असल्यामुळे त्यांनी याच व्यापाऱ्यावरून सुचलेल्या १९८२ च्या ‘फित्झकराल्दो’ या चित्रपटासाठी सुमारे ३२० टनांची आगबोट अख्खीच्या अख्खी चिखलाच्या चढावरून ओढून नेली. यात माणसे मरतील, असे बजावून अभियंता काम सोडून गेला, तरी त्याचे वाईट वाटून घेऊ नये. अभियंत्यांना वजन कळते, रूपक कळत नाही. रहाट फिरवायला स्थानिक आदिवासी होतेच. शिवाय या साऱ्या खटाटोपावर लेस ब्लँक यांनी स्वतंत्र माहितीपट काढला, हेही ध्यानात ठेवावे: आपले हाल आपणच सांगितले तर ती कुरकुर ठरते, दुसऱ्याने चित्रित केले की आख्यायिका होते.

डोंगर नसल्यास रस्ताही चालतो. ‘हेवन्स गेट’ या चित्रपटासाठी (१९८०) उभारलेल्या खोट्या गावातला रस्ता अमेरिकी दिग्दर्शक मायकेल चिमिनो यांना सहा फूट अरुंद वाटला. एका बाजूच्या इमारती सहा फूट मागे घेऊन भागले असते. पण, असे सांगतात, त्यांनी दोन्ही बाजू पाडून तीन-तीन फूट मागे घ्यायला लावल्या. चित्रपट आपटला आणि पुढच्याच वर्षी युनायटेड आर्टिस्ट्स ही जुनी कंपनी विकली गेली. आज त्याच चित्रपटाला दुर्लक्षित कलाकृती म्हणणारे रसिक भेटतात, त्यामुळे कंपन्यांची फार काळजी करू नये.

नटनट्यांना विश्वासात घ्यावे, म्हणजे काय होणार आहे ते सांगू नये. ‘द बर्ड्स’साठी (१९६३) आल्फ्रेड हिचकॉक यांच्या नायिकेला, टिपी हेड्रेन यांना, पक्षी यांत्रिक असतील असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात जाड हातमोजे घातलेली माणसे पाच दिवस त्यांच्या अंगावर जिवंत पक्षी फेकत होती, काही पक्षी तर कपड्यांना दोऱ्यांनी बांधले होते, आणि डोळ्याजवळ जखम झाली तेव्हा कुठे त्या कोसळल्या. पडद्यावरची भीती किती अस्सल आहे, याचे कौतुक समीक्षक आजही करतात. (हातमोजे फेकणाऱ्यांच्या हातात होते, ही बारीकसारीक गोष्ट झाली.)

जपानच्या यासुजिरो ओझू यांच्यापासून मात्र चार हात दूरच राहावे. कॅमेरा जमिनीलगत ठेवून, घरात बसलेल्या माणसांकडे शांतपणे पाहत त्यांनी पन्नासहून अधिक चित्रपट केले. एकही बोट डोंगरावर नेली नाही. अशा माणसाविषयी गप्पांच्या मैफलीत सांगणार काय?

आता भांडवल. येथे परदेशी उदाहरणांची गरज नाही. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी पत्नी बिजोया यांचे दागिने गहाण ठेवले, आणि त्याच्या कितीतरी आधी दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी सरस्वतीबाईंचे दागिने कामी आले होते. सरस्वतीबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कंपनीच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक उरकून त्या कच्च्या फिल्मला, ती कॅमेऱ्यात पुढे सरकावी म्हणून, अंधारात बसून भोकेही पाडत असत. म्हणून पटकथा लिहायला घेण्यापूर्वी आपण लग्न उरकून घ्यावे, आणि स्थळ पाहताना अंगावरच्या सोन्याबरोबर मुलीला अंधारात बारीक काम जमते का, याचीही चौकशी करावी.